रातपाळीचा माळी

एवढ्या पावसात छत्र्या सावरत इथवर आलेल्या माझ्या नवी मुंबईकर मित्रमैत्रिणींनो,

ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला शाळेत विज्ञान शिकवलं. पुस्तक उघडायच्या आधी त्या आम्हाला वर्गाच्या खिडकीशी उभं करायच्या आणि विचारायच्या, काल जे नव्हतं ते आज काय दिसतंय? उत्तर आलं नाही तर तास सुरूच व्हायचा नाही. तोच प्रश्न आज मी तुमच्यासमोर ठेवतो. तुमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून अशोकाची रांग आहे ना? सरळ, उंच, खाली वाकलेल्या फांद्यांची? हा खरा सीताअशोक नव्हे. आपण त्याला अशोक म्हणतो, जाणकार खोटा अशोक म्हणतात. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 मध्ये झाली. खाडीकाठची मिठागरं आणि भातशेती यांवर वाशी, नेरूळ, बेलापूर उभी राहिली, तेव्हा कमी जागेत उंच वाढणारं झाड म्हणून हा अशोक गल्लोगल्ली लागला. त्या अशोकाखाली आज सकाळी काय पडलं होतं?

मी सांगतो. चावून थुंकलेले चोथ्याचे गोळे आणि त्यांच्या आजूबाजूला लांबट, खोबणी असलेल्या बिया. गाडीच्या टपावर डाग, भिंतीवर ओघळ. सकाळी गाडी पुसणारा माणूस वैतागतो, सोसायटीच्या बैठकीत विषय निघतो, आणि कुणीतरी म्हणतं, "वाघळांचा बंदोबस्त करा."

आणि त्याच झाडावर मार्चपासून पहाटे पहाटे कोण ओरडत असतो? कोकीळ. त्याच्याबद्दल तक्रार अर्ज आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. उलट आपण कौतुकानं म्हणतो, चला, आंब्याचे दिवस आले.

आज मला या दोघांबद्दल बोलायचं आहे. एक कोकीळ. दुसरं, आपल्या वस्तीत सगळ्यात सहज भेटणारं आखूड नाकाचं फळवाघूळ. चिंचेवर, वडावर शेकड्यांनी लोंबकळणारं ते मोठं वटवाघूळ वेगळं. त्याचं वजन किलोच्या पुढे जातं आणि पंख चार-पाच फूट पसरतात. मी म्हणतो ते वाघूळ मुठीत मावेल एवढं असतं, वजन साधारण पन्नास ग्रॅम. भुरकट अंग, कानांना पांढरट कडा, कुत्र्याच्या पिल्लासारखं तोंड आणि मोठे, पाणीदार डोळे. तुम्ही त्याला जवळून पाहिलं असेल तर "आंधळं वटवाघूळ" हे शब्द पुन्हा तोंडातून निघणार नाहीत. किडे खाणारी छोटी वाघळं आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतात. हे मात्र डोळ्यांनी पाहतं आणि नाकानं फळ हुडकतं.

आता मला सांगा, इथं बसलेल्यांपैकी किती जणांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत रातपाळी केली आहे? हात वर करा. पुष्कळ हात आहेत. मग तुम्हाला माझं म्हणणं इतरांपेक्षा लवकर कळेल. कारखाना तोच, यंत्र तेच. दिवसपाळीचा माणूस साहेबांना दिसतो, पाहुण्यांना दिसतो, फोटोत येतो. रातपाळीचा माणूस यंत्र चालू ठेवतो आणि उजाडायला घरी जाऊन झोपतो. अशोकाचं झाडही असंच दोन पाळ्यांत चालतं. उजेडात कोकीळ, अंधारात वाघूळ.

आधी शरीराचं थोडक्यात सांगतो. पक्षी उडतो पिसांवर. वाघूळ उडतं हातावर. त्याचा पंख म्हणजे आपलाच पंजा समजा, बोटं अंगाच्या लांबीइतकी वाढलेली आणि बोटाबोटांत पातळ कातडं ताणलेलं. अंगठा तेवढा मोकळा, फळ धरायला आणि फांदीला अडकवायला. ते अंडी घालत नाही, पिल्लाला दूध पाजतं. म्हणजे नात्यानं ते कोकिळापेक्षा तुम्हा-आम्हाला जवळचं. एक साम्य मात्र मला फार सुंदर वाटतं. पक्षी फांदीवर बसून झोपतो तेव्हा पाय मुडपताच शिरा ताणल्या जातात आणि बोटं आपोआप आवळतात. वाघूळ उलटं टांगलं की अंगाच्या वजनानंच नख्या मिटतात. दोघांनाही झोपेत धरून राहायला कष्ट पडत नाहीत. एकाला वर बसायचं होतं, दुसऱ्याला खाली लोंबायचं होतं, आणि निसर्गानं दोघांना एकाच युक्तीची कडी दिली.

आता ताटाकडे वळू, कारण खरा मुद्दा तिथं आहे.

अशोकाला मार्च-एप्रिलमध्ये हिरवट फुलं येतात. ती पानांत लपलेली असतात, आपलं लक्षही जात नाही. फळं पिकतात पावसाळ्यात, म्हणजे आत्ता. हिरवी असतात ती जांभळट काळी होतात. आत एकच मोठी बी, वर पातळसा गर. कोकीळ अख्खं फळ गिळतो. गर पोटात उतरतो आणि बी तोंडावाटे स्वच्छ होऊन बाहेर येते, झाडावर किंवा पलीकडच्या झाडावर. त्याचं खाणं घाईचं पण नेटकं.

वाघळाची तऱ्हा निराळी. ते फळ तोडतं आणि तोंडात धरून निघून जातं. का जातं? फळांनी लगडलेल्या झाडाभोवती घुबड टपून असतं. म्हणून जेवणाची जागा थोडी दूर, ठरलेली. तुमच्या बाल्कनीखालची फांदी, गॅलरीचं छत, जिन्याचा कोपरा. तिथं उलटं लटकून ते फळ पंज्यात धरतं, चावतं, जिभेनं टाळूवरच्या वळ्यांवर दाबतं, रस पितं आणि चोथा थुंकतं. बी खाली पडते. एका रात्रीत या फेऱ्या कितीतरी होतात, कारण उडायला इंधन फार लागतं आणि फळात पाणीच जास्त. तुमच्या भिंतीवरचा डाग ही त्या जेवणाची पंगत.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका सोसायटीत याच डागांवरून अशोकाची रांग तोडायची असं ठरत आलं होतं. मी त्यांना म्हटलं, तोडायच्या आधी चार दिवस एक काम करू. जुनी चादर झाडाखाली अंथरू. एक संध्याकाळी अंथरायची, पहाटे उचलायची. दुसरी पहाटे अंथरायची, संध्याकाळी उचलायची. पोरांना हे काम फार आवडलं. दिवसाच्या चादरीवर चाटूनपुसून साफ केलेल्या बिया निघाल्या. रात्रीच्या चादरीवर चोथा आणि दातांच्या खुणा असलेल्या बिया. एका मुलीनं दोन्ही ढीग शेजारी ठेवले आणि विचारलं, "काका, यातल्या कोणत्या उगवतील?" मी म्हटलं, दोन्ही लाव. तिनं दोन कुंड्या भरल्या. दोन्हींत कोंब आले. ती रांग अजून उभी आहे. तशीही महाराष्ट्रात 1975 पासून कायदा आहे, शहरातलं झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. पण मला आनंद याचा, की कायद्यापर्यंत जावं लागलं नाही.

मित्रहो, अशोकाची बी मोठी, म्हणून ती फार लांब जात नाही. पण उंबर, वड, पिंपळ यांचं काय? त्यांच्या बिया खसखशीएवढ्या. त्या रसाबरोबर वाघळाच्या पोटात जातात आणि अर्ध्या तासाच्या आसपास बाहेर पडतात. आणि हे लक्ष देऊन ऐका. पक्षी बहुतेक वेळा बसल्या जागी शिटतो, म्हणून त्यानं नेलेली बी पुन्हा कुठल्यातरी झाडाखाली, तारेखाली, कुंपणाखाली पडते. वाघूळ उडता उडता विष्ठा टाकतं. त्याची बी उघड्यावर पडते.

उघड्यावर म्हणजे कुठे? बाहेर बघा. पारसिकचा डोंगर बघा, खारघरच्या टेकड्या बघा. खाणींनी कापलेले उतार, उन्हाळ्यात वणव्यानं काळे झालेले माळ. अशा ठिकाणी पक्ष्याला बसायला फांदीच नाही, तर तो जाईल कशाला? तिथं पहिली बी कोण टाकणार? अंधारात माळावरून सरळ पार जाणारं वाघूळ. एकदा उंबराचं रोप खडकात धरलं, चार फांद्या आल्या, की मग दिवसपाळी येते. बुलबुल येतात, तांबट येतो, कोकीळ येतो, आणि आपापल्या पोटातून जांभळा-बोरांच्या पुढच्या बिया आणतात. रान असं पाळीपाळीनं उगवतं. पहिल्या पाळीशिवाय दुसरी नाही आणि दुसरीशिवाय पहिलीला अर्थ नाही. "कोण श्रेष्ठ?" हा प्रश्न घेऊन तुम्ही आला असाल तर तो मी सोडवणार नाही. डोंगराला तो प्रश्न पडलेलाच नाही.

झाडांनी मात्र दोघांना ओळखलं आहे. पक्ष्याला रंग दिसतो, म्हणून पक्ष्यांची फळं लाल, काळी, चकचकीत, बहुधा बिनवासाची. वाघळाला अंधारात रंगाचा काय उपयोग? त्याच्यासाठी फळ हिरवट-पिवळट राहिलं तरी चालतं, पण वास मात्र लांबवर सुटायला हवा. पिकल्या पेरूचा वास आठवा. मोहाची फुलं आठवा. कर्नाळ्याच्या बाजूचे ठाकूर-कातकरी पहाटे मोह वेचायला जातात तेव्हा रात्री त्याच झाडावर वाघळांची जेवणं उरकलेली असतात. टेटूचं फूल तर उमलतंच रात्री, उग्र वासाचं, जाड पाकळ्यांचं, वाघळाला तोंड खुपसता येईल एवढं रुंद. त्याच्या तलवारीएवढ्या शेंगा आपल्या डोंगरांत लोंबताना दिसतात. त्यातली एकेक शेंग म्हणजे रात्री कुणीतरी येऊन गेल्याची पावती.

आणि आपण काय केलं? पनवेलजवळच्या त्या रानाला 1968 मध्ये संरक्षण दिलं आणि नाव ठेवलं कर्नाळा पक्षी अभयारण्य. नाव योग्यच आहे. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे, की संध्याकाळी ते फाटक बंद झाल्यावर आत पाळी बदलते. आपल्या शहरानं फ्लेमिंगोंना आपलं मानलं, चौकाचौकांत त्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या. मला त्याचा अभिमान वाटतो. त्या चौकाच्या दिव्यावरून रात्री जो जातो, त्याच्याकडेही मान वर व्हावी, एवढीच इच्छा.

आता संसाराचं बोलू. इथं आपले समज अगदी उलटेपालटे आहेत. आपण म्हणतो कोकिळा गाते. गाणाऱ्या थोर बाईला आपण गानकोकिळा म्हटलं, आणि ती उपाधी आता मराठीतून कुणी काढू नये. पण झाडावर "कुहू" करतो तो काळा, लाल डोळ्यांचा नर. ठिपक्या-ठिपक्यांची तपकिरी मादी "किक् किक् किक्" असा तीक्ष्ण आवाज काढते. घर ती बांधत नाही. अंडं कावळ्याच्या घरट्यात, उबवणार कावळी, भरवणार कावळी. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांच्या आधी अंड्यातून बाहेर येतं आणि आधी तोंड उघडतं. मी यात कोकिळेला दोष देत नाही. तिच्या जगण्याची ती रीत आहे.

वाघळाची रीत बघा. नर घर बांधतो. ताडाच्या झावळीच्या शिरा कुरतडून ती खाली वाकवतो, तंबू करतो. भेरली माडाचे ते लांब केसांसारखे फळांचे घोस असतात ना, त्यातले मधले सर कापून आत घंटेसारखी पोकळी करतो. आपल्या पुण्यात संशोधकांनी हे बारकाईनं पाहून नोंदवलं आहे. त्या घरात माद्या येऊन राहतात. एका मादीला एका वेळी एकच पिल्लू, वर्षातून दोनदा. सुरुवातीला ते आईच्या छातीला बिलगून असतं आणि आई त्याला घेऊन उडते. मूल पोटाशी बांधून रातपाळीला जाणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत. ज्याला आपण अशुभ म्हणतो तो प्राणी हा आहे.

अशुभ का म्हणतो? ते रात्री येतं, उलटं लटकतं, ना पक्षी ना पशू. केसांत अडकतं असंही लहानपणी ऐकवलेलं असतं. हे समज जुने आहेत आणि त्यांच्याशी मी वाद घालत बसणार नाही. नवी भीती मात्र टाळून जाता येणार नाही.

2018 मध्ये केरळात कोझिकोडला निपाहची साथ आली. माणसं गेली, रुग्णांची सेवा करणारी परिचारिका गेली. तो विषाणू फळवाघळांत असतो, हे खरं आहे. 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं तपासले, तेव्हा त्यांत निपाहविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. बातमी आली आणि लोक घाबरले. घाबरणं साहजिक होतं. पण घाबरून काय करायचं? झाड तोडायचं, फटाके लावायचे, धूर करायचा? ऑस्ट्रेलियात हेंड्रा नावाच्या अशाच विषाणूचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. तिथं दिसलं ते असं, की वाघळांचं रान तुटलं, फुलांचा हंगाम बुडाला, ती उपाशी माणसांच्या वस्तीत आली, तेव्हा रोग पसरायची वेळ आली. रानात पोटभर खाणारं वाघूळ आपल्यापासून दूर राहतं. उपाशी, हुसकावलेलं वाघूळ जवळ येतं आणि जास्त विषाणू बाहेर टाकतं.

म्हणून साधे नियम पाळा. पोखरलेलं, दात लागलेलं फळ खाऊ नका, मुलांना देऊ नका. फळ धुऊन, सोलून खा. जखमी वाघूळ दिसलं तर उघड्या हातानं उचलू नका, वन विभागाला किंवा प्राणिमित्रांना कळवा. भिंतीवरचे डाग पाणी मारून, हातमोजे घालून धुवा. एवढं पुरे आहे. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातली ती पहिली साथ. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हा आपण पक्षी या जातीचाच राग धरला का? चिमणीला घास घालणं थांबवलं का? मग वाघळाच्या वाट्यालाच हा राग का?

कायद्यानंही हेच केलं होतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक यादी होती, पाचवी अनुसूची. त्यात उंदीर, घुशी, कावळे आणि फळवाघळं. ज्यांना मारायला कुणाची परवानगी लागत नाही, अशांची यादी. पन्नास वर्षं आपल्या रानाचा माळी उंदरांच्या रांगेत उभा होता. 2022 च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढून टाकली आणि एप्रिल 2023 पासून ती दुरुस्ती लागू झाली. मी ती बातमी वाचली तेव्हा पहिली आठवण बाईंची आली.

आता एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या मुंबईत घडली. 1948 मध्ये अँगस हटन नावाच्या निसर्गप्रेमी माणसानं तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात एक फळवाघूळ पकडलं. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहात आलं आणि त्यावर चिठ्ठी लागली, "आखूड नाकाचं फळवाघूळ." म्हणजे आपलंच, तुमच्या अशोकावरचं. चोवीस वर्षं ते तसंच पडून राहिलं. मग थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी तो नमुना पुन्हा हातात घेऊन पाहिला. त्यांना दिसलं, हे ते नव्हेच. जातच काय, ही वेगळी प्रजातीही आहे, जगात आधी कुणाला माहीत नसलेली. 1972 मध्ये त्यांनी त्याला नाव दिलं लॅटिडेन्स सलीमअलाय. सलीम अलींच्या सन्मानार्थ. ज्या माणसानं आयुष्यभर पक्ष्यांचा अभ्यास केला, किहीमच्या वाडीत सुगरणीची घरटी मोजली, त्याचं नाव एका वाघळाला. पुढे 1993 मध्ये ते जिवंत पुन्हा सापडलं. आज ते कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीनं.

या गोष्टीत मला ती चिठ्ठी डाचते. चोवीस वर्षं एक जीव चुकीच्या नावाखाली कपाटात होता, आणि त्याला ओळखायला लागलं काय, तर कुणीतरी एकदा नीट बघायला हवं होतं. काल जे दिसलं नाही ते आज काय दिसतंय, हा बाईंचा प्रश्न किट्टींना कुणी विचारला होता कोण जाणे!

वेळ झाली आहे, अध्यक्ष घड्याळाकडे बघत आहेत. एक व्यावहारिक मागणी करून थांबतो. आपल्या शहरात दिवे फार वाढले. झाडाच्या बुंध्याला प्रकाशझोत लावून पानं रंगवायची टूम निघाली आहे. मध्य अमेरिकेत फळवाघळांवर प्रयोग झाले, उजेडातल्या फळाकडे ती कमी येतात आणि कमी खातात असं आढळलं. सोसायटीच्या समारंभाला दिवे लावा, पण जुलै-ऑगस्टमध्ये अशोक पिकलेला असताना झाडावरचा झोत रात्री बंद ठेवा. एका बटणाचं काम आहे.

सभागृहाच्या मागे अशोकाची रांग आहे. मी येताना पाहिली, फळं काळी झाली आहेत. कोकीळ गप्प झाला असेल. पाऊस उघडला आहे असं दाराशी बसलेले सांगत आहेत. मी तिथं थोडा वेळ थांबणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी या, मुलांना घेऊन या. टॉर्च मात्र खिशातच राहू द्या. आधी काही दिसणार नाही. मग एक फांदी हलेल, आणि फळ तोंडात धरलेली एक लहानशी सावली डोंगराच्या बाजूला निघून जाईल.